मला दहावं लागलं!

कॅनडा सरकारने मला पेन्शन देण्याच्या बऱ्याच आधी मी त्याचे पेढे वाटून मोकळी झाले होते.

आणि ते काही चार घरचे चार पेढे नव्हेत! स्कारबरोतल्या आमच्या गल्लीत, ऐन डिसेंबरात, सुनेचे स्नोबूट पायात अडकवून (ते मला दोन नंबर मोठे!), बर्फातून फतक फतक चालत, एकेक बेल वाजवून, "पेन्शन! गव्हर्नमेंट! मी!" असं छातीवर हात ठेवून सांगत वाटलेले पेढे. समोरच्या घरातल्या गोऱ्या आजोबांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "एव्हरी मंथ?" मी म्हटलं, "येस! एव्हरी मंथ! टिल आय डाय!" म्हातारा एवढा हेलावला की त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याला दर महिन्याला पेढे येणार असं तो समजलाय, हे मला जानेवारीत कळलं.

आता तुम्ही म्हणाल, आपटेबाई, एवढं काय त्या पेन्शनचं कौतुक? तर सांगते. आमचे हे मिरजेला वीज मंडळात होते. रिटायर झाले तसं ह्यांना पेन्शन सुरू झालं आणि घरात एक नवीन माणूस जन्माला आलं, त्याचं नाव पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे मी जिवंत आहे असं सरकारला कळवायचं. त्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून, केसाला पाणी लावून, कॅमेऱ्यासमोर असे बसतात की जणू साखरपुडाच आहे. "आम्ही जिवंत आहोत की नाही याची सरकारला काळजी असते," हे वर मला ऐकवणार! आणि मी? चाळीस वर्षं दोन वेळचा स्वयंपाक, सासूसासऱ्यांचं आजारपण, मंदारचं शिक्षण, मग इकडे येऊन नातीची नॅपी, पण माझ्या नावाने कुठून एक पैसा कधी आला नाही. आधी ह्यांच्याकडून हातखर्च, मग मंदारकडून हातखर्च. मुलगा गुणाचा आहे, मागायला लावत नाही. तरी घेताना मान खाली जाते ती जातेच. मी जिवंत आहे का, हे आजवर कुठल्याच सरकारने मला विचारलेलं नव्हतं!

हे सगळं पेटवलं ते सरोजाम्माने. सरोजाम्मा म्हणजे जाफनाची तमिळ बाई, माझ्याच वयाची. कम्युनिटी सेंटरमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचा खुर्चीत बसून करायचा योगा असतो, तिथली माझी मैत्रीण. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, हिंदी दोघींनाही धड येत नाही. त्यामुळे आमची मैत्री इंग्रजीवर चालते आणि इंग्रजी देवाच्या भरवशावर. एकदा योगा झाल्यावर तिने मला कॉफी पाजली. मी म्हटलं, "नो नो, युवर सन विल से समथिंग!" तर ती पर्स आपटून म्हणाली, "व्हॉट सन? माय पेन्शन!"

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"अवर पेन्शन? अस ओल्ड पीपल?"

"सिक्स्टी-फाइव्ह एज. टेन इयर्स लिव्हिंग कॅनडा. दे गिव्ह. यू, हाउ मेनी इयर्स?"

पासष्टी मी कधीच ओलांडली होती. आणि कॅनडात? आम्ही ऑक्टोबरात आलो, नुकताच ऑक्टोबर होऊन गेला होता, म्हणजे मला इथे दहावं लागलं होतं. मी ओरडलेच, "टेन रनिंग!"

"टेन? फिनिश! फिनिश! गो, अप्लाय!"

(रनिंग आणि फिनिश यांच्यात अजून अख्खी शर्यत बाकी असते, हे कुठल्याही धावणाऱ्या माणसाला कळलं असतं. आम्ही पडलो खुर्चीत योगा करणाऱ्या!)

घरी आले ती उडतच. मंदार वरच्या खोलीत लॅपटॉपवर कसल्यातरी मीटिंगमध्ये. मी दारातूनच जाहीर केलं, "मंदार, मला पेन्शन! अप्लाय कर!" त्याने कानातलं यंत्र काढून विचारलं, "आई, पण दहा वर्षं झाली ना नक्की?"

"दहावं लागलंय मला!"

गौरी, म्हणजे माझी सून, जिन्यात कपड्यांची बास्केट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई, लागलंय की पूर्ण झालंय?"

आता हा प्रश्न किती सरळ होता! पण माझ्यातली सासू वर्षातून एक-दोनदाच जागी होते आणि ती नेमकी चुकीच्या दिवशी होते. मी म्हटलं, "मिरजेच्या आमच्या भिशीचा हिशेब पंचवीस वर्षं मी सांभाळलाय, गौरी. मला आकडे शिकवू नकोस." गौरी बास्केट घेऊन खाली गेली. मंदारने रात्री जेवणाआधी ऑनलाइन अर्ज भरून टाकला, आलो ती तारीखबिरीख टाकून. कॉम्प्युटरने अर्ज घेतला. घेतला म्हणजे झालंच की!

मी ह्यांना म्हटलं, "तुमचाही भरू या ना, आपण बरोबरच आलो." तर हे म्हणाले, "आधी तुझा जाऊ दे. सरकारी कामात पुढे दुसऱ्याला घालायचं असतं." वीज मंडळाचा अनुभव!

झालं. त्यानंतर माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. पहिल्या तारखेला मंदारने हातखर्चाचं पाकीट पुढे केलं, ते मी दोन बोटांनी मागे सारलं. "ठेव. आता माझं मला आहे." तो म्हणाला, "अगं पण अजून सुरू कुठे झालंय?" मी म्हटलं, "सरकार आहे ते, तुझ्यासारखं महिनाअखेरीला पैसे संपवून बसत नाही!" मग मिल्क पावडर आणली (गौरीच्या पैशांनी), पेढे वळले, गल्लीभर फिरले. आणि सगळ्यात शेवटी मिरजेला वन्संना व्हिडिओ कॉल लावला. आमच्या वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. कानाने जरा कमी, आवाजाने भरपूर.

"वन्सं, आनंदाची बातमी! मला दहावं लागलं!"

"अगं बाई! कुणाचं गं?"

"कुणाचं काय? माझं!"

"तुझं दहावं? अगं, तू तर समोर बोलतेयस!"

"कॅनडातलं दहावं वर्ष हो! सरकार पेन्शन देणार मला!"

"वारल्यावर?"

शेवटी ह्यांनी फोन घेऊन समजावलं. पण तोवर वन्संच्या मागे उभ्या असलेल्या कामवालीने अर्धंच ऐकून गल्लीत काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी मिरजेहून मंदारला तीन जणांचे फोन आले, तिन्ही दबक्या आवाजात. मंदारने "आई बरी आहे, पेढे वाटतेय" असं सांगितलं, त्यावर पलीकडे आणखीच शांतता.

जानेवारी गेला. फेब्रुवारी आला. पेन्शन आलं नाही. सरोजाम्मा दर मंगळवारी विचारायची, "केम?" (म्हणजे, आलं का?) मी मान हलवायची. समोरचे आजोबा मला बघून आशेने दार उघडायचे. हातखर्च मी नाकारलेला आणि मंदार पडला माझाच मुलगा, शब्द पाळणारा! त्याने पाकीट पुन्हा पुढे केलंच नाही. शेवटी एका सकाळी मी ठरवलं, बास. आपण जाऊन विचारायचं. कुणालाही न सांगता बसमध्ये बसले. (बसच्या कार्डावर सुनेने पैसे भरून ठेवले होते, म्हणून ही स्वावलंबी बाई मॉलमधल्या सरकारी ऑफिसात पोहोचू शकली.)

काउंटरवर एक गुलाबी गालांचा, चष्मेवाला, अतिशय हसतमुख गृहस्थ होता. त्याने माझं नाव वाचलं, "मिसेस ॲप्टी?" मी म्हटलं, "आपटे. व्हेअर इज माय पेन्शन?" त्याने टकटक करून स्क्रीन पाहिला.

"यू आर नॉट एलिजिबल येट, मॅम. यू हॅवन्ट कम्प्लीटेड टेन इयर्स."

"टेन रनिंग!"

"रनिंग?"

"रनिंग! नाइन गॉन, टेन रनिंग!"

"राइट," तो प्रेमाने म्हणाला, "सो, नाइन."

नऊ! मी बोटांवर मोजलं. आलो ते पहिलं लागलं, मग पुढच्या ऑक्टोबरात दुसरं लागलं… आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लागलं म्हणजे सुरू झालं, संपलं नव्हे! जिन्यात बास्केट घेऊन उभी असलेली गौरी डोळ्यांसमोर आली. पेढे आले. वन्सं आल्या. अख्खी मिरज आली. आपटे आडनावाला मी जागले होते, पुरती आपटले होते! माझे कान एकदम बंद झाले. तो बिचारा पुढे बरंच काही बोलत होता, अर्ज, ऑक्टोबर, तुमची इच्छा, असं काहीतरी. मला एवढंच कळलं की हा नाही म्हणतोय आणि वर हसतोय.

चूक आपली असली की माझा राग दुप्पट होतो, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. त्या गृहस्थाला ते कोण सांगणार? मिरजेच्या मंडईत भाजीवाली अडून बसली की मी जे ठेवणीतलं काढते, ते मी तिथे काढलं. आता नको मला! ठेवा तुमच्याजवळच! पुन्हा येईन आणि तुम्हाला बघून घेईन! फक्त काढलं ते इंग्रजीतून.

"नाउ आय डोन्ट वॉन्ट!" मी काउंटरवर हात आपटून म्हटलं. "यू कीप! कीप विथ यू ओन्ली! आय विल कम अगेन! आय विल सी यू!"

माझा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. मंडईत एवढ्यावर भाजीवालीने मागून हाक मारली असती, "या ताई, घेऊन जा!" हा माणूस काय म्हणाला? हसून, हात हलवून, "शुअर, मिसेस ॲप्टी! सी यू!"

निर्लज्ज! मी मनात म्हटलं आणि तडक बाहेर पडले. बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून रडले. राग एवढाच होता की हातातोंडाशी आलेलं मीच, माझ्या या जिभेने, सरकारच्या तोंडावर फेकून आले होते. आता कुठला अर्ज नि कुठलं पेन्शन! आता जन्मभर पाकिटापुढे मान खाली.

घरी खरं सांगायला हवं होतं. पण गौरीच्या समोर "लागलं होतं, पूर्ण नव्हतं" असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सांगितलं, "त्यांनी नाकारलं. वर अपमान केला. पण मीही सोडलं नाही, असं झाडलं त्याला, असं झाडलं, की त्याच्या तोंडून शब्द फुटेना!"

मला वाटलं, इथे विषय संपला. कसलं काय! घर पेटून उठलं. गौरी म्हणाली, "आईंचा अपमान? आपण कंप्लेंट करू." मंदारने दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली. नात म्हणाली, "आजी, धिस इज सो अनफेअर!" आणि हे? हे उठून कपाटाकडे गेले आणि मंदारच्या लग्नातला सूट काढला. "सरकारी माणसाशी सरकारी माणसानेच बोलायचं असतं. तीस वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसलोय मी. लोकांना कसं परत पाठवतात, सगळं ठाऊक आहे."

"अहो, जाऊ दे ना," मी म्हटलं.

"जाऊ दे? माझ्या बायकोला बोलतो म्हणजे काय!" चाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्या बाजूने कुणाशी भांडायला निघाल्याचा तो पहिला प्रसंग. आणि त्यात माझीच बाजू खोटी! मला भरून आलं. रात्रभर मी मनातल्या मनात त्या गुलाबी गृहस्थाला ताप यावा, निदान सर्दी व्हावी, म्हणून प्रार्थना केली.

तो ठणठणीत होता. आमची वरात काउंटरवर पोहोचली. पुढे सुटातले हे, मागे दात-ओठ खात मंदार, त्याच्या पाठीमागे लपलेली मी. ह्यांनी घसा साफ केला. "सर, येस्टरडे माय वाइफ केम हिअर…"

त्याने ह्यांच्या खांद्यावरून मला पाहिलं आणि चेहरा फुलला. "मिसेस ॲप्टी! यू सेड यू वुड सी मी!"

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

"माय वाइफ वॉज व्हेरी अँग्री," हे दरडावून म्हणाले.

"अँग्री?" त्याला प्रश्नच पडला. "नो, नो! शी वॉज लव्हली!"

मग मंदारने पुढे होऊन त्याच्याशी नीट, सावकाश बोलून घेतलं आणि मला जागच्या जागी मराठीत सांगत गेला. अर्ज दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी करता येतो, तसा आपला झालेला आहे. लवकर आलेला अर्ज ठेवायचा की मागे घ्यायचा, हे त्याने काल आईला विचारलं होतं. बऱ्याच लोकांना ते समजावून सांगता सांगता त्याचा घसा बसतो. आई मात्र एका झटक्यात म्हणाली, आत्ता नकोय मला, तुमच्याजवळच ठेवा, मी पुन्हा येईन, भेटूच. ऑक्टोबरात दहा पूर्ण झाली की नोव्हेंबरपासून पेन्शन सुरू. अर्ज ठेवलेला आहे, काळजी नसावी.

"सो क्लिअर. सो पोलाइट," तो गृहस्थ ह्यांना सांगत होता. "शी वॉज इव्हन अ लिटल इमोशनल."

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. एवढा आनंद! ठेवलं होतं हो त्याने माझं पेन्शन, सांभाळून ठेवलं होतं! मी मंदारला बाजूला सारून काउंटरपाशी गेले आणि त्या माणसाचे दोन्ही हात धरून "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले. त्याला बहुधा वाटलं असेल, आज ही बाई रागावलेली दिसतेय.

गाडीत मंदारने आरशातून विचारलं, "आई, म्हणजे काल तू त्याला झाडलंस ते नक्की कधी?" मी म्हटलं, "समोर बघून चालव." घरी गेल्यावर गौरीपुढे उभी राहून म्हटलं, "तू विचारलंस ते बरोबर होतं गं. लागलं होतं, पूर्ण नव्हतं झालं." ती पोरगी हसली, म्हणाली, "चहा टाकू का, आई?" बस्स, एवढंच. माझ्या सासूबाई असत्या तर मला वर्षभर ऐकवलं असतं.

नोव्हेंबरात पेन्शन आलं. माझ्या नावावर, माझ्या खात्यात. मी बँकेच्या मशीनसमोर उभी राहून ते पाहिलं, मग मागच्या रांगेतल्या बाईलाही दाखवलं. सरोजाम्माला कॉफी पाजली, पर्स आपटून. वन्संना मात्र काही कळवलं नाही. त्यांच्या लेखी ते डिसेंबरातच सुरू झालंय, आणि मी अजून हयात आहे याचं त्यांना अधूनमधून नवल वाटतं.

ह्यांनी मात्र त्या ऑफिसातल्या दिवसाचा वेगळाच धडा घेतला होता. त्याच रात्री जेवताना म्हणाले, "चाळीस वर्षं तू माझ्याशी मराठीतून भांडतेस. मला आज कळलं, भाषा चुकली आपली. इथून पुढे काय भांडायचं ते इंग्रजीतून भांड."

आणि खरंच, तेव्हापासून मी इंग्रजीतूनच भांडते. परवाच ह्यांच्यावर एवढी कडाडले, एवढी कडाडले, की माझा घसा बसला. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "यू आर वेलकम" म्हणाले, आणि दोघांसाठी चहा टाकला.